‘माहिती गोपनीय ठेवली जाईल’. आणि ठेवली नाही तर?

पीएचडीसाठी लोकांच्या मुलाखती घ्यायच्या असतील तर एथिक्स कमिटीकडे अर्ज करावा लागतो. त्याला संमतीपत्र जोडायचं असतं. माझं एमएस्सी सूक्ष्मजीवशास्त्रातलं. नमुन्यांच्या नळ्यांवर कोड लिहायची सवय होती, पण माणसांची सही घ्यायची ही पहिलीच वेळ. आता माझा विषय आहे रक्तचाचणीच्या नोंदींचा इतिहास, आणि मला भेटायचं आहे निवृत्त लॅब टेक्निशियनना आणि जुन्या रुग्णांना. इतरांची दोन-चार संमतीपत्रं बघून मी ओळ लिहून टाकली, ‘आपली सर्व माहिती गोपनीय ठेवली जाईल.’ गाईड मॅडमनी त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली आणि विचारलं, "आणि ठेवली नाही तर?"

मला उत्तर देता आलं नाही. ‘ठेवली जाईल’ म्हणजे कोण ठेवणार? नाही ठेवली तर ज्याची माहिती फुटली त्याने कोणाकडे जायचं? त्या प्रश्नाच्या मागे लागून जे वाचलं ते आज लिहितेय. थोडक्यात सांगायचं तर रुग्णाचं गुपित जपायचा नियम फार जुना आहे. तो मोडल्यावर दाद मागायची सोय मात्र अगदी अलीकडची आहे, आणि आपल्याकडे ती बराच काळ रुग्णाने एकट्याने, स्वतःला उघडं पाडून ओढली आहे.

नियम जुना, पहारेकरी नाही

चरकसंहितेत, विमानस्थानात, गुरू शिष्याला वैद्यकी शिकवण्याआधी काही अटी घालतो. त्यातली एक अशी, की रुग्णाच्या घरात जे दिसेल ते बाहेर बोलायचं नाही. ग्रीकांच्या हिप्पोक्रेटिसच्या शपथेतही हीच अट आहे. आजच्या काळात यायचं तर भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत रुग्णाची गुपितं उघड करू नयेत असं स्पष्ट लिहिलंय. कोर्टाचा आदेश, कोणाला गंभीर धोका असणं आणि कळवणं बंधनकारक असलेले आजार, हे त्याला अपवाद.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. नियम डॉक्टरच्या विवेकाला उद्देशून आहे. मोडला तर डॉक्टरची तक्रार डॉक्टरांच्याच परिषदेकडे. पण हॉस्पिटलात रिपोर्ट फक्त डॉक्टर बघतात का? रक्त घेणारा, नोंद करणारा, टाइप करणारा, बिल करणारा, फाइल नेणारा वॉर्डबॉय, हे सगळे त्या साखळीत असतात. त्यांच्यातल्या कोणीही शपथ घेतलेली नसते. माहिती बहुतेकदा याच साखळीतून बाहेर जाते, आणि कधीकधी तर कायदाच ती बाहेर न्यायला सांगतो.

गोवा, १९८९: उघड करण्याची अंमलबजावणी

डॉमनिक डिसूझा हे गोव्यातले तरुण. वर्ल्ड वाइडलाइफ फंडात नोकरी. रक्तदान करायचे. दान केलेल्या रक्ताच्या तपासणीत एचआयव्ही निघाला. फेब्रुवारी १९८९ मध्ये पोलीस त्यांना घेऊन गेले, तेव्हा आपल्याला का नेतायत हेच त्यांना माहीत नव्हतं. म्हणजे त्यांच्या रक्ताचा रिपोर्ट त्यांच्या आधी पोलिसांना कळला होता. म्हापशाला, क्षयरोग्यांसाठी बांधलेल्या आणि वापरात नसलेल्या एका इमारतीत त्यांना पहाऱ्यात ठेवलं गेलं. एकूण ६४ दिवस.

इथे कोणी नियम मोडला नव्हता, हे लक्षात घ्यायला हवं. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तेव्हा अशी दुरुस्ती झाली होती की एचआयव्हीबाधित माणसाला वेगळं ठेवायचं. रक्तपेढीपासून आरोग्यखात्यापर्यंत आणि तिथून पोलिसांपर्यंत कागद बरोबर गेला. आपल्याकडे ‘कायदे चांगले, अंमलबजावणी नाही’ असं आपण सहज म्हणून जातो. इथे अंमलबजावणी अगदी चोख झाली. फक्त ती गुपित जपण्याची नव्हती, गुपित फोडून माणूस कोंडण्याची होती.

डिसूझांच्या आईने मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात याचिका केली. आनंद ग्रोव्हर हे वकील. सुटका झाली, पण अंतिम निकालात न्यायालयाने वेगळं ठेवण्याची तरतूद कायम ठेवली. व्यक्तीचा हक्क आणि समाजाचं हित यांत समाजाचं हित वरचढ, असा सूर होता. तोवर नाव, गाव, आजार सगळं जगजाहीर झालं होतं. नोकरी गेली. डिसूझांनी पुढे ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली आणि १९९२ च्या मे महिन्यात ते गेले.

एचआयव्ही हवेतून पसरत नाही हे १९८९ साली विज्ञानाला चांगलंच माहीत होतं. मग पहारा कशासाठी? मी जीवाणू-विषाणू शिकलेली असल्यामुळे मला हा प्रश्न जास्त बोचतो. डिसूझांच्या बाबतीत जे झालं त्याचा दुसरा परिणाम असा, की ही बातमी वाचणारा माणूस तपासणीला जाईलच कशाला? रिपोर्ट पोलिसांकडे जाणार असेल तर लोक रिपोर्टच काढत नाहीत, आणि मग साथ आंधळेपणाने पसरते. गोपनीयता ही रुग्णावर केलेली मेहेरबानी नसून साथ आटोक्यात ठेवण्याचंच एक साधन आहे, हे धोरण आखणाऱ्यांच्या गळी उतरायला बरीच वर्षं गेली.

मुंबई, १९९७: कोर्टाच्या दारात नाव झाकून

पुढचा टप्पा मुंबईचा. एका सार्वजनिक क्षेत्रातल्या कंपनीत हंगामी कामगार असलेल्या माणसाची वैद्यकीय तपासणी झाली. काम करायला तो तंदुरुस्त होता, पण एचआयव्ही निघाला म्हणून काम बंद. त्याला कोर्टात जायचं होतं. अडचण अशी, की याचिकेवर नाव घालावं लागतं. कोर्टाच्या यादीत ते लागतं, बाहेर बोर्डावर लागतं, दुसऱ्या दिवशी पेपरात येतं. म्हणजे गुपित जपण्यासाठी कोर्टात जायचं, तर पहिल्याच पायरीवर ते गुपित सगळ्यांसमोर ठेवायचं!

मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकरणात खोटं नाव वापरायला परवानगी दिली. कामगार झाला ‘एमएक्स’, कंपनी झाली ‘झेडवाय’. १९९७ साली निकाल लागला की माणूस काम करण्याइतका तंदुरुस्त असेल आणि इतरांना त्याच्यापासून खरा धोका नसेल, तर फक्त एचआयव्ही आहे म्हणून त्याला नोकरी नाकारता येणार नाही. वकिलांमध्ये हा निकाल नोकरीच्या हक्कासाठी प्रसिद्ध आहे. मला मात्र त्यातली नाव झाकण्याची परवानगी जास्त महत्त्वाची वाटते. तिच्यामुळे पहिल्यांदा असं झालं की ज्याचं गुपित फुटलंय तो ते आणखी न फोडता दाद मागू शकला.

दिल्ली, १९९८: नाव झाकलं, माणूस दिसतोच

पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात ‘मिस्टर एक्स विरुद्ध हॉस्पिटल झेड’ हा निकाल आला. गोष्ट साधारण अशी. एका माणसाने हॉस्पिटलात रक्त दिलं. तपासणीत एचआयव्ही निघाला. हॉस्पिटलकडून ती माहिती बाहेर गेली, ठरलेलं लग्न मोडलं, गावात तोंड दाखवायची सोय उरली नाही. त्याने नुकसानभरपाई मागितली. न्यायालय म्हणालं की वैद्यकीय गुप्तता हा हक्क आहे, पण तो निरपवाद नाही. होणाऱ्या बायकोला सुरक्षित राहण्याचा हक्क आहे आणि तो इथे वरचढ. शिवाय अशा माणसाचा लग्नाचा हक्कच स्थगित असल्यासारखं काहीतरी न्यायालयाने लिहून ठेवलं. ते मागितलं कोणीच नव्हतं. २००२ च्या डिसेंबरात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने लग्नाविषयीचा तो भाग अनावश्यक म्हणून बाजूला काढला. मूळ निर्णय मात्र तसाच राहिला.

होणाऱ्या बायकोला सांगायला हवं होतं की नाही, यावर प्रामाणिक मतभेद होऊ शकतात. मी स्वतः सांगायला हवं होतं या बाजूची आहे. पण तिला सांगणं वेगळं आणि गावभर होणं वेगळं. हा फरक कोणी, कसा राखायचा याची काहीच पद्धत तेव्हा नव्हती, आणि खटल्यातून ती निर्माणही झाली नाही.

आणखी एक गोष्ट मला खटकली. निकालात नाव ‘एक्स’ आहे, पण तो माणूस कुठल्या वर्षी कुठलं शिक्षण पुरं करून, कुठल्या राज्याच्या कुठल्या सेवेत, कुठल्या पदावर लागला, कोणत्या कामासाठी कोणत्या शहरात गेला, हे पहिल्या काही परिच्छेदांतच लिहिलेलं आहे. मी ते इथे मुद्दाम देत नाही. असे तपशील जुळणारी माणसं असणार किती?

हीच गोष्ट त्याच सुमाराला अमेरिकेत एका विद्यार्थिनीने आकड्यांनी दाखवली. मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी कर्मचाऱ्यांच्या आजारपणाच्या नोंदी नाव-पत्ता काढून संशोधकांना दिल्या होत्या. १९९७ मध्ये एमआयटीतल्या लटान्या स्वीनी हिने २० डॉलर देऊन केंब्रिज शहराची मतदारयादी विकत घेतली. दोन्हींत पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग होतं. ते जुळवून तिने राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांच्या नोंदी शोधून काढल्या. केंब्रिजमध्ये त्यांच्या जन्मतारखेची सहा माणसं, त्यांतले पुरुष तीन, आणि त्यांच्या पिनकोडात एकच! पुढे १९९० च्या जनगणनेवरून तिने हिशेब मांडला की सुमारे ८७ टक्के अमेरिकन माणसं या तीन गोष्टींवरून एकटी उठून दिसू शकतात.

नळीवर कोड लिहिला म्हणजे झालं, असं मानणाऱ्या माझ्यासारखीला हा चांगलाच धडा होता.

अमेरिका: कार्यालय उभं राहिलं तरी

खटल्यांऐवजी सरकारी कार्यालयाकडे काम दिलं तर काय होतं? याचा बराच अनुभव अमेरिकेकडे आहे. तिथला १९९६ चा ‘हिपा’ कायदा आपल्याकडेही अनेकांना माहीत आहे. पुण्या-मुंबईत अमेरिकन हॉस्पिटलांच्या बिलिंगचं किंवा ट्रान्स्क्रिप्शनचं काम केलेल्या कोणालाही विचारा. आपले लोक तिकडच्या रुग्णांची माहिती त्या नियमांनी जपतात, आणि संध्याकाळी घरी येऊन आपला रिपोर्ट लॅबवाल्याकडून व्हॉट्सअ‍ॅपवर मागवतात.

हिपाचे गोपनीयतेचे नियम एप्रिल २००३ पासून बहुतेकांना बंधनकारक झाले. अंमलबजावणी आरोग्यखात्याच्या नागरी हक्क कार्यालयाकडे. रुग्णाला या कायद्याखाली स्वतः खटला भरता येत नाही, त्याने तक्रार करायची आणि कार्यालयाने बघायचं. पहिली काही वर्षं कार्यालय समजुतीने घेत होतं. चूक सुधारा, प्रशिक्षण द्या, फाइल बंद. २००८ मध्ये प्रॉव्हिडन्स या हॉस्पिटलसमूहाने कुलूपबंद न केलेल्या, म्हणजे एन्क्रिप्ट न केलेल्या, बॅकअप टेप आणि लॅपटॉप हरवल्याबद्दल १ लाख डॉलर भरून तडजोड केली. माहिती होती ३ लाख ८६ हजार रुग्णांची. भागून बघा, माणशी पाव डॉलरच्या आसपास.

औपचारिक दंड पहिल्यांदा झाला तो थेट २०११ मध्ये. मेरीलँडमधल्या सिग्नेट हेल्थला ४३ लाख डॉलर. गंमत म्हणजे त्यांनी माहिती फोडली नव्हती. ४१ रुग्णांना त्यांचीच कागदपत्रं दिली नव्हती, आणि कार्यालयाच्या चौकशीला दाद दिली नव्हती. दंडातले ३० लाख तर चौकशीला दाद न दिल्याबद्दलचे. म्हणजे नियम लागू झाल्यापासून जवळजवळ आठ वर्षांनी पहिला दंड, आणि त्याचा मोठा भाग सरकारचा अपमान झाल्याचा!

मधे २००९ साली बदललं काय? ‘हायटेक’ नावाच्या कायद्याने दोन गोष्टी केल्या. एक, दंड वाढवला. आधी एकाच प्रकारच्या चुकीला वर्षाला जास्तीत जास्त २५ हजार डॉलर होते, ते १५ लाखांपर्यंत गेले. दुसरी गोष्ट मला त्याहून मोठी वाटते. माहिती फुटली तर संस्थेने स्वतःहून सांगायचं. रुग्णाला कळवायचं, सरकारला कळवायचं, आणि ५०० किंवा जास्त माणसांची फुटली असेल तर ती घटना सरकारच्या जाहीर यादीत लागते. तोपर्यंत आपली माहिती फुटलीये हे ज्याला कळेल तोच तक्रार करणार होता, आणि बहुतेकांना ते कधी कळतच नव्हतं. सांगण्याचं ओझं रुग्णावरून उचलून संस्थेवर ठेवलं, त्यानंतर कार्यालयाच्या हाताला काम लागलं. २०१५ मध्ये अँथम या विमा कंपनीतून ७ कोटी ८८ लाख लोकांची माहिती चोरीला गेल्याचं उघड झालं, आणि २०१८ मध्ये १ कोटी ६० लाख डॉलरची तडजोड झाली. ती तेव्हापर्यंतची सर्वात मोठी. माणशी हिशेब केला तर तो प्रॉव्हिडन्सपेक्षाही कमी निघतो, हेही खरं.

परत आपल्याकडे

आपल्याकडे २०११ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३-अ खाली नियम आले. आरोग्याची माहिती ‘संवेदनशील’ ठरली आणि ती निष्काळजीपणे हाताळल्यामुळे नुकसान झालं तर भरपाईची सोय झाली. पण हे कलम कंपन्या आणि व्यावसायिक संस्थांना लागू, सरकारी दवाखान्यांना नाही. शिवाय गळती झाली हे रुग्णाला कळणार कसं? डिसेंबर २०१६ मध्ये मुंबई परिसरातल्या एका पॅथॉलॉजी लॅबचे हजारो रुग्णांचे रिपोर्ट, एचआयव्ही चाचण्यांसह, इंटरनेटवर कोणालाही उघडता येत होते. ही बातमी पेपरांत आली. त्यातल्या किती जणांना ‘तुमचा रिपोर्ट उघडा होता’ असं सांगणारा फोन गेला असेल, याचा विचार करा.

त्यानंतरचा मला सर्वात भावलेला कायदा म्हणजे एचआयव्ही-एड्स कायदा, २०१७. तो सप्टेंबर २०१८ मध्ये लागू झाला. त्यात माणसाच्या संमतीशिवाय त्याची स्थिती उघड करायला बंदी आहे आणि नोंदी सुरक्षित ठेवायची सक्ती आहे. प्रत्येक राज्यात तक्रारीसाठी लोकपाल नेमायचा आणि त्याने ३० दिवसांत निर्णय द्यायचा. कलम ३४ तर वाचताना मला मुंबईचा तो हंगामी कामगार आठवला. कोर्टात टोपणनाव वापरता येईल, सुनावणी बंद दाराआड घेता येईल, ओळख छापायला मनाई करता येईल. १९९७ मध्ये एकाने झगडून मिळवलेली सवलत वीस वर्षांनी छापील कलम झाली.

पण हे एका आजारापुरतं. मधुमेह, मानसिक आजार, गर्भपात, कर्करोग यांच्या नोंदींचं काय? २०१८ मध्ये आरोग्यखात्याने ‘दिशा’ नावाचा खास आरोग्यमाहितीचा मसुदा आणला होता, त्याचा कायदा झालाच नाही. त्याऐवजी सगळ्याच वैयक्तिक माहितीसाठी २०२३ चा डिजिटल डेटा संरक्षण कायदा आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य बंधनं त्यानंतर दीड वर्षाने लागू व्हायची आहेत.

यात अमेरिकेचा धडा घेतलेला दिसतो. माहिती फुटली तर संस्थेने मंडळाला आणि प्रत्येक बाधित माणसाला कळवायचं. सुरक्षेत हलगर्जीपणा केला तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड. ही मोठी गोष्ट आहे. पण दोन गोष्टी मात्र मला टोचतात. आरोग्याची माहिती जास्त नाजूक म्हणून वेगळी काढलेली नाही, पिझ्झाच्या ऑर्डरचा आणि एचआयव्हीच्या रिपोर्टचा वर्ग एकच. आणि दंड जमा होणार सरकारच्या संचित निधीत. भरपाई देणारं ते कलम ४३-अ हाच कायदा काढून टाकतो. ज्याचं लग्न मोडलं, नोकरी गेली, त्याच्या हातात काय? उलट खोटी किंवा उगाच तक्रार केली असं ठरलं तर तक्रारदाराला १० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

१९८९ ते आज असं ओळीने ठेवलं तर अंमलबजावणी हळूहळू रुग्णाच्या खांद्यावरून उतरत गेलेली दिसते. आई याचिका करते, मग कामगार नाव झाकून जातो, मग लोकपाल, मग मंडळ. ही प्रगतीच आहे. फक्त ओझं उतरवताना त्याच्या हातातली भरपाईही काढून घेतली जातेय, आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

माझं संमतीपत्र मी पुन्हा लिहिलं. ‘गोपनीय ठेवली जाईल’ ही ओळ काढली. आता तिथे लिहिलंय की मुलाखतीचं रेकॉर्डिंग फक्त माझ्याकडे, एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कवर असेल. नावासोबत गाव, पद आणि वर्षंही बदलली जातील. काही फुटलं तर मी तुम्हाला ७२ तासांच्या आत स्वतः फोन करीन. माझ्याविरुद्ध तक्रार करायची असेल तर कमिटीच्या सचिवांचा नंबर हा. पत्र दीड पानाचं झालं. मॅडमनी वाचलं आणि म्हणाल्या, "आता निदान कोणाला पकडायचं ते तरी कळतंय."

पहिली मुलाखत एका निवृत्त टेक्निशियन काकांची झाली. त्यांनी चष्मा लावून दीडच्या दीड पान वाचलं, सचिवांचा नंबर आपल्या डायरीत उतरवून घेतला, आणि मगच सही केली.